मोकळी बाजू

प्लास्टिकच्या झाडाला मोकळी बाजू नसते. कसंही फिरवा, चारी बाजूंनी सारखंच भरलेलं. डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की मी स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं खाली काढते, लोखंडी दांड्याला एकेक थर अडकवते, तारेच्या काड्या फाकवते आणि दहा मिनिटांत नाताळचं झाड तयार. लेक खूश. मीच तेवढी कमरेवर हात ठेवून बघत राहते आणि दर वर्षी तेच म्हणते, "कसलं मेलं एकसारखं!" लेक म्हणते, "मम्मी, मग घेतलंस कशाला?" खरंच आहे. घेतलं मीच.

यंदा खोकं माळ्यावरच आहे. थंडी मात्र वेळेवर आली. सकाळी गंगापूर रोडच्या बाजूनं धुकं येतं, दूधवाल्याच्या कानटोपीतून फक्त नाक दिसतं, निफाडकडे बागायतदारांनी द्राक्षांसाठी बागेत शेकोट्या पेटवल्याची बातमी पेपरात येते. ही बातमी वाचली की मला आजही सुरूचा वास येतो. ताज्या कापलेल्या सुरूचा ओलसर, किंचित तुरट वास. पुस्तकातलं नाताळचं झाड आम्ही कधी पाहिलं नव्हतं. नाशिकच्या ख्रिस्ती घरांत नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी, बाकी काही नाही.

पप्पा शाळेत सुतारकाम शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. बावीस-तेवीस तारखेला ते सायकलच्या हँडलला पिशवी लावायचे, पिशवीत करवत, आणि मला पुढच्या दांडीवर बसवून मखमलाबादकडे निघायचे. तिथे दगूआण्णांचा द्राक्षाचा मळा. वाऱ्याला आडोसा म्हणून बांधावर सुरूची लांबलचक रांग. आण्णा चहा पाजायचे आणि मग नेहमीची अट घालायचे, "मास्तर, किती बी न्या, पन शेंड्याला हात लावू नका. शेंडा गेला का झाड ठोंब्यावानी ऱ्हातं." पप्पा म्हणायचे, "मला सांगता होय आण्णा?" आणि मग अर्धा तास रांगेतून फिरायचे. मान वर करून, डोळे बारीक करून. मुलगी बघायला गेलेली माणसंसुद्धा एवढं निरखून बघत नसतील. माझे पाय गारठून जायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "बये, वर्षातून एकदा येतो पाहुणा. नीट निवडू दे."

बाजूची फांदी कधीच चारी अंगांनी भरलेली नसते. जी बाजू खोडाकडे असते तिला ऊन मिळत नाही, तिथे ती विरळ राहते. ती बाजू भिंतीकडे करायची. डालड्याच्या डब्यात ओली वाळू, त्यात फांदी, डब्याला लाल घोटीव कागद. आई दवाखान्यात नर्स होती, ती कापसाची गुंडाळी आणायची आणि त्याचा बर्फ व्हायचा. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, पण आई तो फांदीवर असा हलक्या हातानं ठेवायची की जणू रोजच पडतो नाशकात. इकडे कढईत करंज्या, तिकडे पप्पा चांदणी टाचण्यात गुंतलेले. काम झालं की दुसरी फांदी घेऊन ते शेजारच्या दारात जायचे आणि भिंतीला टेकवून हाक मारायचे, "शमू, तुझं झाड आणलंय रे!" शमू म्हणजे माझे शमुवेलकाका, पप्पांचे धाकटे भाऊ. चाळीत आमची आणि त्यांची भिंत एक होती.

आमच्या चाळीचा एक रिवाज होता. तो कुणी घातला ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेलं असेल त्या घरानं नाताळला स्वतः झाड आणायचं नाही. ते शेजारच्या दारानं आणायचं. ज्याचं दार सगळ्यात जवळ, त्याचा मान. बाकीच्या घरांनी आपापल्या झाडावरची एकेक वस्तू आणून त्यावर टांगायची, गोळा म्हणा, घंटा म्हणा, कागदी देवदूत म्हणा. ती परत न्यायची नाही. आणि त्या झाडाची विरळ बाजू भिंतीकडे नाही, खोलीकडे करायची. ती मोकळी बाजू म्हणजे गेलेल्या माणसाची जागा. तिथे काहीही टांगायचं नाही. असं झाड मागायचंही नसतं. ते आपणहून यावं लागतं.

मी आठवीत होते. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. सप्टेंबरात आई गेली. तीन आठवडे तापानं फणफणली, जिथे नोकरी केली त्याच दवाखान्यात, स्वतःच्याच वॉर्डात. त्याबद्दल मी अजूनही फार बोलू शकत नाही, तर लिहू काय! पण डिसेंबर आला तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आईचं झाड कोण आणणार? कारण सगळ्यात जवळचं दार काकांचं होतं, आणि पप्पा आणि काका पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

ते का बोलत नव्हते, तेही सांगते. आजी गेली ती ऐन पावसाळ्यात. काका रेल्वेत, इगतपुरीला ड्यूटीवर. निरोप गेला, पण घाटात दरड पडली होती, खालून गाडीच वर येईना. काका शेवटी एका ट्रकमध्ये बसून निघाले. इकडे कबरीच्या खड्ड्यात पाणी भरत होतं, दोन माणसं डब्यानं उपसत होती, पाळकसाहेब घड्याळ बघत होते. पप्पांनी माती दिली. काका पोहोचले तेव्हा वर फुलंसुद्धा पडली होती. ओल्या कपड्यांनी ते तिथेच मटकन खाली बसले आणि म्हणाले, "दादा, मला माझ्या आईचं शेवटचं तोंड दाखवलं नाहीस." त्यानंतर एक शब्द नाही. भिंत एक, नळ एक, उपासनेला जायची वेळ एक, आणि दोघं एकमेकांच्या अंगावरून असे जायचे की मध्ये कुणी नाहीच. आजी दोघांची, म्हणून त्या वर्षी झाड पलीकडच्या खोलीतल्या एस्तेरमावशींकडून आलं; पुढच्या वर्षांत पप्पा दुसरी फांदी आणायचे ती त्यांच्या हाती काकांकडे पाठवायचे. काकी ती मुकाट घ्यायची. माझ्या आईच्या मातीला काका आले, मूठभर माती टाकली, आणि तसेच फाटकाबाहेर पडले.

अठरा तारखेपासून चाळीत झाडं यायला लागली. पप्पांनी आमचा कोपरा झाडून घेतला, डालड्याचा डबा काढला, त्यात वाळू भरली. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ते त्या वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडायचे. रिकाम्या डब्यात! मला इतका राग यायचा. कुणासाठी ओली ठेवताय वाळू? येणार आहे का कुणी? पण तोंडातून शब्द फुटायचा नाही, कारण ते पाणी शिंपडताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बावीसला एस्तेरमावशी दारात आल्या. आईची जिवाभावाची मैत्रीण. म्हणाल्या, "मास्तर, हट्ट सोडा. आमचे हे उद्या आणतील फांदी. पोरीकडे तरी बघा."

"नको," पप्पा म्हणाले. "दार त्याचं जवळ आहे."

"आणि तो नाही आला तर?"

"तर कोपरा रिकामा राहील. तिचं झाड दुसऱ्याच दारानं आणलेलं नको मला."

"मग तुम्ही एक शब्द टाका ना त्याला!"

"मागून आणतात का, बाई?"

मावशी कपाळावर हात मारून निघून गेल्या. मी मोरीत जाऊन रडले. मला वाटत होतं, झाड आलं नाही तर आईचं जाणं चाळीनं धरलंच नाही असं होईल. तेरा वर्षांच्या मुलीची समजूत ती, पण आजही मला ती फारशी चुकीची वाटत नाही. माणूस गेलं की कुणीतरी येऊन सांगावं लागतं, हो, गेलं, आम्ही पाहिलं.

चोवीसला सकाळी काका जेवणाचा डबा घेऊन निघाले. मी खिडकीतून पाहिलं. डबा म्हणजे ड्यूटी, ड्यूटी म्हणजे इगतपुरी, परत येणार ते संध्याकाळच्या गाडीनं. संपलं, मी म्हटलं. पप्पांनी वाळूवर पाणी शिंपडलं आणि जेवणं झाल्यावर नवा शर्ट इस्त्री करायला घेतला. एकच बाही तीन-तीनदा करत होते.

दुपारी तीनचा सुमार. दारात सायकल आपटल्याचा आवाज झाला. काका उभे होते. कपाळावर घाम, हाताला ओरखडे, खांद्यावर झाड. आणि काय झाड होतं! सरळसोट, खालून वर निमुळतं होत गेलेलं, चारी बाजूंनी गच्च. आजवर आमच्या घरात असं कधी आलं नव्हतं. मी तर हात जोडणार होते.

पप्पा उठले. त्यांनी झाडाच्या टोकाकडे पाहिलं, मग बुंध्याच्या कापाकडे पाहिलं. पाच वर्षांनी भावाशी त्यांचा पहिला शब्द निघाला तो असा: "शेंडा तोडलास?"

काकांनी झाड खांद्यावरून खाली घेतलं.

"अरे, शेंडा तोडलास तू! शेंडा तोडतात का कधी? आण्णांनी हात कसा लावू दिला तुला?"

"आण्णा मळ्यात नव्हते. तासभर वाट बघितली. मग चढलो आणि कापला." काका अजून उंबऱ्याबाहेरच होते. "वहिनीसाठी न्यायचं तर सगळ्यात चांगलं न्यावं, असं वाटलं."

"चांगलं म्हणजे शेंडा? एवढंही कळत नाही तुला?"

"कुठून कळणार?" काकांचा आवाज एकदम चढला. "कधी नेलंस मला बरोबर? दर वर्षी तूच जाणार, तूच निवडणार, आणि माझ्या दाराला आणून टेकवणार. मी फांदी बघितली ती नेहमी कापलेली. सगळं तूच ठरवत आलास, दादा. आईच्या मातीचं पण तूच ठरवलंस."

चाळीत सगळी दारं उघडी होती आणि दारादारांत माणसं येऊन उभी होती. पप्पांच्या हातात इस्त्रीचा शर्ट तसाच. मला वाटलं, आता हे दार लावणार. ते खुर्चीवर बसले.

"थांबायला हवं होतं मी," पप्पा म्हणाले. "पाणी भरत होतं, पाळकसाहेब घाई करत होते, सगळं खरं. पण मी थांबा म्हटलं असतं तर थांबले असते सगळे. मी म्हटलं नाही."

"का नाही म्हटलंस?"

"आईला तसं पावसात ठेवलेलं मला बघवेना. कधी एकदा संपतंय असं झालं होतं. तुझा विचारच आला नाही, शमू. खोटं कशाला बोलू? तेवढ्या वेळात एकदाही आला नाही."

कुणी क्षमा मागताना इतकं खरं बोललेलं मी नंतर कधी ऐकलं नाही.  काका चपला काढून आत आले, डब्यापाशी उकिडवे बसले आणि झाड वाळूत रोवलं. वाळूला हात लावला तसे थबकले. "ओली आहे," ते म्हणाले.  मी म्हटलं, "रोज पाणी घालतात." काकांनी तळहातानं वाळू दाबत दाबत मान खाली घातली, ती किती तरी वेळ वर केली नाही.

मग त्यांनी झाड फिरवलं. पुन्हा फिरवलं. विरळ बाजू शोधत होते.

"शेंड्याला नसते मोकळी बाजू," पप्पा म्हणाले. आवाज अगदी साधा, वर्गात मुलांना सांगायचे तसा. "चारीकडून ऊन लागतं त्याला."

"मग वहिनीची जागा?"

पप्पांनी करवतीकडे हात नेला आणि परत घेतला. काकांनीच एक डहाळी धरली आणि मोडली. कट्टकन आवाज झाला. मग दुसरी. मग पप्पा खाली बसले आणि तेही मोडायला लागले. इतकं सुंदर झाड, आणि दोन मोठी माणसं खोलीकडची बाजू हातानं उघडी करत होती, दोघांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला कुणी थांबत नव्हतं. मी खाली पडलेल्या डहाळ्या फ्रॉकच्या ओच्यात गोळा केल्या. कशाला, ते माहीत नाही. आईचं काहीतरी खाली सांडतंय असं वाटलं.

संध्याकाळी एकेक घर आलं. एस्तेरमावशींनी हिरवा काचेचा गोळा आणला, त्यांच्या झाडावरचा सगळ्यात चांगला. काकीनं पितळी घंटा टांगली आणि मला पोटाशी धरलं.  "सलाम, मास्तर," म्हणायचे, टांगायचे, जायचे. मोकळ्या बाजूला कुणाचा हात गेला नाही.

नवं वर्ष लागल्यावर पप्पा काकांना घेऊन मखमलाबादला गेले, माफी मागायला. मीही होते. आण्णांनी झाडाकडे बोट दाखवलं, "बघा की हो मास्तर, मुंडकंच उडावलं तुमच्या भावानं माझ्या झाडाचं!" काका शाळेतल्या पोरासारखे उभे. मग आण्णांनी विचारलं, कुणासाठी नेलं? पप्पांनी सांगितलं. आण्णा घरात बघून ओरडले, "च्या टाका गं तीन!" त्या वर्षापासून दर डिसेंबरला दोघं भाऊ बरोबर जायला लागले, आधी सायकलींवर, मग काकांच्या स्कूटरवर. निवडताना इतके भांडायचे की आण्णा म्हणायचे, तुमी अबोल्यातच बरे व्हते.

पुढे चाळ पाडली, बिल्डिंग झाली. पप्पा आणि काकांनी एकाच मजल्यावर समोरासमोरची दारं मागून घेतली. मी लग्न होऊन कॉलेज रोडला आले आणि प्लास्टिकचं झाड घेतलं, कारण वेळ नव्हता. खरं सांगायचं तर वेळ होता. हौस नव्हती.

यंदा ऑगस्टमध्ये काका गेले. त्यांचा मुलगा दुबईला. मातीची वेळ चारची ठरली, विमान आलं, पण त्याची टॅक्सी कसाऱ्याच्या घाटात अडकली. पुन्हा तोच पाऊस. पप्पा आता पंचाहत्तरीचे, गुडघे गेलेले. त्यांनी कबरीशेजारी खुर्ची मागवली आणि छत्री धरून बसले. नवे पाळक तरुण आहेत, ते दोनदा वाकून म्हणाले, "मास्तर, अंधार पडेल."

"पडू द्या. बत्त्या आणा."

"खड्ड्यात पाणी येतंय."

"उपसा. त्याचा मुलगा येईपर्यंत माती पडणार नाही."

पावणेदोन तास. माणसं भिजून चिंब झाली, पण एकही हललं नाही. मुलगा आला, त्यानं बापाचं तोंड पाहिलं, आणि मगच पप्पा खुर्चीवरून उठले.

आणि आता डिसेंबर. सगळ्यात जवळचं दार पप्पांचं. बिल्डिंगमध्ये हा रिवाज आठवणारी दोन-तीनच माणसं उरलीत, एस्तेरमावशीही नाहीत. मी पप्पांना म्हटलं, रिक्षानं जाऊन बाजारातून फांदी आणते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट गाडी काढली.

मखमलाबाद ओळखू येत नाही. अर्ध्या मळ्यांत प्लॉट पडलेत. पण आण्णांचा बांध शाबूत आहे. आण्णा ओसरीत खाटेवर, डोळ्यांना कमी दिसतं. पप्पांचा आवाज ऐकून म्हणाले, "त्यो रेल्वेवाला गेला म्हनं?" पप्पा हो म्हणाले. "मंग त्यानं मुंडकं उडावलं व्हतं त्या झाडाचीच न्या," आण्णा म्हणाले. "लय फोफावलंय आता. त्याचंच हाय ते."

त्या झाडाला तोडलेल्या शेंड्याच्या जागी दोन फांद्या वर गेल्यात. माहीत नसेल तर कळणारही नाही. पप्पा खाली खुर्चीत बसून मान वर करून बघत राहिले, अर्धा तास. मग काठीनं एक फांदी दाखवली. करवत माझ्या हातात होती, पन्नाशीकडे झुकलेली मी ओढणी कमरेला खोचून शिडीवर उभी, आणि तेव्हा मला कळलं की मलाही कुणी शिकवलं नव्हतं. मीही आयुष्यभर नुसती दांडीवर बसून आले होते.

"आधी खालून थोडी काप," पप्पा म्हणाले. "मग वरून. नाहीतर फांदी पडताना झाडाची साल ओरबाडून नेते." मी तशी कापली. दोनदा हात घसरला. ते ओरडले नाहीत.

काकीनं कोपरा झाडून ठेवला होता. डब्यात वाळू होती. मी हात लावला, ओली होती. फांदी रोवली. मी एस्तेरमावशींचा तो हिरवा गोळा टांगला, पप्पांनी काकीचीच पितळी घंटा टांगली, इतक्या वर्षांनी तिच्या घरी परत आलेली. मग काकीनं डबा दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "भावोजी, मोकळी बाजू कुणीकडे करू? दाराकडे की खिडकीकडे?"

"माझ्याकडे कर," पप्पा म्हणाले.

तिनं डबा फिरवला. पप्पा खुर्ची थोडी पुढे ओढून त्या रिकाम्या बाजूसमोर बसले. हात गुडघ्यांवर, मान किंचित पुढे, समोरच्या माणसाचं ऐकताना बसतात तसे. चहा आला, गार झाला. मग ते म्हणाले, "पोरीनं कापलीय यंदा, शमू. शेंड्याला हात लावू दिला नाही."